कॅमेऱ्यासमोरच्या ताईंचं स्वतःचं मत : एका पॉलिसी कॅम्पेनचं प्रकरण

हे प्रकरण २०२४ च्या मार्च ते मे मधलं आहे. मी तेव्हा एका मोठ्या टेक कंपनीच्या गुडगाव ऑफिसात पॉलिसी कॅम्पेन मार्केटिंग बघायचे. कंपनीचं नाव देत नाहीये, सहकाऱ्यांचीही नाही. सोलापूरच्या ज्या ताईंबद्दल लिहितेय त्यांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली ती केली, आणि मगच इथे टाकतेय. या कामात नव्याने येणारी बरीच मराठी मुलं-मुली मला विचारतात की नक्की करायचं काय असतं, त्यांना सल्ला देण्यापेक्षा एक अख्खं प्रकरण समोर ठेवलेलं बरं.

पार्श्वभूमी

आधी कामाबद्दल थोडं, कारण घरी माझ्या आईलाही हे समजायला दोन वर्षं लागली. नेहमीचं मार्केटिंग म्हणजे वस्तू विकायची. पॉलिसी कॅम्पेनमधे वस्तू नसते, एखादा कायदा किंवा नियम येऊ घातलेला असतो आणि त्याबद्दल कंपनीचं जे म्हणणं आहे ते ठराविक लोकांच्या मनात उतरवायचं असतं. ठराविक म्हणजे खरंच मोजके. मंत्रालयातले अधिकारी, खासदार आणि त्यांचे सहाय्यक, संपादक, थिंक टँकवाले, वकील, उद्योग संघटनांचे पदाधिकारी. म्हणून जाहिरात दिल्ली आवृत्तीच्या पहिल्या पानावर येते, विमानतळावरच्या होर्डिंगवर येते, बिझनेस पेपरात येते, आणि सोलापुरात किंवा चंद्रपुरात कुणाला ती दिसतही नाही. पण त्या जाहिरातीत चेहरा मात्र सोलापूरचा किंवा चंद्रपूरचा लागतो. आमच्या भाषेत त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. कंपनी स्वतःच्या तोंडाने "हा कायदा नको" म्हणाली तर कोण ऐकणार, तेच एखाद्या छोट्या धंदेवाल्याने म्हटलं तर ऐकतात, असा साधा हिशोब.

ही पद्धत आमच्या कंपनीने काढलेली नाही. २०१५ च्या डिसेंबरमधे फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी, म्हणजे ठराविक वेबसाइट फुकट बघू देणाऱ्या योजनेसाठी, जी मोहीम चालवली ती आठवत असेल, पानभर जाहिराती, होर्डिंगं, आणि २८ डिसेंबरला झुकरबर्गचा टाइम्स ऑफ इंडियात लेख, त्या लेखात महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी होता जो हवामान आणि बाजारभाव बघून शेती करतो असं सांगितलं होतं. लोकांकडून ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, एका साच्यातले लाखो ईमेल गेले. ट्रायने विचारलेले प्रश्न होते डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल आणि ईमेलमधे होतं "मी फ्री बेसिक्सला पाठिंबा देतो". जानेवारी २०१६ मधे ट्रायने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं आणि ८ फेब्रुवारीला वेगवेगळे दर लावायला बंदीच घातली. आमच्या क्षेत्रात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे सांगतात. त्यातून काय शिकायचं यावर मात्र दोन तट आहेत. एक म्हणतो ईमेलचा साचा चुकला. दुसरा म्हणतो गणेशला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा तुझं या नियमाबद्दल मत काय. मी आधी पहिल्या तटात होते.

आता आमच्या प्रकरणातला कायदा. १२ मार्च २०२४ ला कंपनी व्यवहार मंत्रालयाने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा, तो सुचवणाऱ्या समितीच्या अहवालासकट, लोकांसमोर ठेवला. ती समिती फेब्रुवारी २०२३ मधे नेमलेली होती. थोडक्यात सांगायचं तर सध्याच्या कायद्यात स्पर्धा आयोग चूक झाल्यावर चौकशी करतो, या मसुद्यात फार मोठ्या कंपन्यांवर आधीपासूनच बंधनं घालायचं होतं. कोण मोठं हे ठरवायला आकडे दिलेले, भारतातली उलाढाल ४,००० कोटी रुपये किंवा जगभरातली ३० अब्ज डॉलर असे काही, आणि सोबत १ कोटी वापरणारे किंवा १०,००० व्यावसायिक वापरणारे. सर्च, सोशल मीडिया, ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, जाहिरात सेवा अशा नऊ प्रकारच्या सेवा यादीत. मोडलं तर दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत. सूचना पाठवायची मुदत १५ एप्रिल, म्हणजे जेमतेम महिना.

आमच्या कंपनीला सगळ्यात जास्त बोचत होतं ते एका सेवेतला ग्राहकाचा डेटा त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या सेवेत वापरायचा नाही, हे कलम. पॉलिसी टीमचं म्हणणं असं की यामुळे जाहिरात नेमक्या माणसापर्यंत पोचणार नाही, मग छोट्या धंदेवाल्याला एक ऑर्डर मिळवायला जास्त पैसे ओतावे लागतील. हा मुद्दा खोटा नव्हता, पण किती जास्त हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेसेज टेस्टिंगमधे, म्हणजे कुठलं वाक्य लोकांना जास्त पटतं ते बघायच्या चाचणीत, चार वाक्यं तपासली गेली आणि "छोट्या व्यापाऱ्याच्या खिशाला कात्री" या अर्थाचं इंग्रजी वाक्य पहिलं आलं. झालं, कॅम्पेन ठरलं.

अडचण कुठे सुरू झाली

चार राज्यांतून चार चेहरे हवे होते. महाराष्ट्र माझ्याकडे आला कारण टीममधे मराठी एकटी मीच. सेल्स टीमने यादी दिली, त्यातून सोलापूरच्या ताई निवडल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा, हाताखाली सहा बायका, पुण्या-मुंबईला आणि बंगळुरूला पार्सलं जातात, आणि आमच्या प्लॅटफॉर्मवर महिन्याला थोड्या जाहिराती. कॅमेऱ्यासाठी याहून चांगलं काय असणार, भाकऱ्यांच्या चळती, उखळात कुटलेल्या चटणीचा तो लालसर रंग, सगळं फ्रेममधे देखणं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शूट झालं. पत्र्याच्या शेडमधे ऊन मी म्हणत होतं, आवाजासाठी पंखा बंद केलेला, आणि ताई पदराने घाम पुसत भाकरी थापत बोलत होत्या. एजन्सीच्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, जाहिराती महागल्या तर तुमच्या धंद्याचं काय होईल. ताई म्हणाल्या,

"महागल्या तर आमच्यासारख्यानं करायचं काय? धंदा बसंल की ओ."

डायरेक्टरने खूश होऊन अंगठा दाखवला. पण ताईंचं बोलणं संपलं नव्हतं. पुढे म्हणाल्या,

"पण मॅडम, कायदा पायजेच बघा. दिवाळीच्या तोंडावर माझं अकाउंट अकरा दिवस बंद केलं, का केलं तेबी सांगितलं न्हाई. कुणाला फोन करायचा? मानूसच न्हाई तिथं. लाइट गेली तर मी एमएसईबीत जाऊन बसते, साहेब बाहेर आल्याशिवाय उठत न्हाई. हितं कुठं जाऊन बसू?"

मी मान डोलावली, पुढचा प्रश्न विचारला. खरं सांगते, त्या क्षणी मला हे वाक्य फक्त "वापरता न येणारं" वाटलं. शूटवर असताना डोकं त्या एकाच खाचेतून चालत असतं. निघताना ताईंनी दोन पाकिटं चटणी बळेबळे हातात दिली, रिलीज फॉर्मवर सही केली. फॉर्म इंग्रजीत होता. मी तोंडी सांगितलं की हे व्हिडिओ वापरायच्या परवानगीचं आहे. कशासाठी वापरणार तर "छोट्या व्यावसायिकांबद्दलच्या मोहिमेसाठी" एवढंच सांगितलं, विधेयकाचं नाव घेतलं नाही कारण तसं सांगायची सूचनाच नव्हती.

२ एप्रिलला पहिला कट, म्हणजे काटछाट करून जोडलेला व्हिडिओ, आला. ३८ सेकंद. ताई भाकरी थापतायत, "धंदा बसंल की ओ", आणि त्यावर काळी पाटी येते की या मसुद्याचा फेरविचार व्हावा. इंग्रजी सबटायटल अगदी बरोबर होतं, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. आणि तरी ते खोटं होतं. टीममधे दहा जणांनी बघितलं, दहाही जणांना आवडलं, कारण त्यांच्याकडे फक्त सबटायटल होतं. पुढचं वाक्य काय होतं ते कळणारी त्या कॉलवर मी एकटी.

त्या रात्री मी मसुदा पुन्हा उघडला. पहिल्यांदा वाचला होता तो आम्हाला बोचणारी कलमं शोधायला. या वेळी ताईंच्या वाक्यासाठी वाचला. आणि त्यात होतं की, मोठ्या कंपन्यांनी तक्रार हाताळायची पारदर्शक आणि परिणामकारक व्यवस्था उभारायची, आणि वापरणाऱ्यांशी, त्यात व्यावसायिक वापरणारेही आले, न्यायाने आणि भेदभाव न करता वागायचं. म्हणजे ताई जे मागत होत्या त्याच्या जवळचं काहीतरी नेमकं त्याच मसुद्यात होतं ज्याच्या विरोधात आम्ही त्यांचा चेहरा लावणार होतो. ताईंना जाहिरात महाग नको होती आणि कायदा हवाही होता. दोन्ही एकाच दमात, आणि त्यात काही विसंगत नाही, कुठलाही धंदेवाला असाच विचार करतो.

काय काय पर्याय होते

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मॅनेजरना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं हे आधी नोंदवते, कारण अशा गोष्टीत बॉसला खलनायक करायची सवय असते. ते म्हणाले, "तिने जे म्हटलंय तेच दाखवतोय ना? सगळं कुठे दाखवता येतं, ३८ सेकंद आहेत." हा प्रश्न सोपा नाहीये. प्रत्येक मुलाखतीत काटछाट होतेच. मी उत्तर दिलं ते असं की काटछाटीनंतर त्या व्यक्तीचं मत तेच राहिलं पाहिजे, इथे ते उलटं झालंय. तिथून तीन-चार दिवस चर्चा चालली.

पहिला पर्याय, आहे तसा कट चालवायचा. कायदेशीर अडचण नव्हती, फॉर्मवर सही होती. लीगलने तसं लेखी दिलं. माझ्यासाठी हा सगळ्यात अवघड मुद्दा होता, कारण ऑफिसात "लीगलने ओके दिलं" यानंतर वाद संपलेला असतो.

दुसरा पर्याय प्रॉडक्ट टीमकडून आला, आणि त्यावर बराच वेळ गेला. व्हिडिओबिडिओ सोडा, जाहिरातदारांच्या डॅशबोर्डवर थेट एक पट्टी लावू, बटण दाबलं की मंत्रालयाला तयार मजकूर जाईल. आकडा मोठा दिसेल. नशीब असं की अमेरिकेतलं ताजं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. ७ मार्च २०२४ ला टिकटॉकने ॲप उघडताच लोकांना आपल्या लोकप्रतिनिधीला फोन करा असा मेसेज दाखवला होता, ऑफिसांमधे फोन घणघणत राहिले, त्यात शाळकरी पोरांचे फोन, आणि ज्या समितीवर दबाव आणायचा होता तिने त्याच दिवशी ५० विरुद्ध ० मतांनी टिकटॉकवर बंदी आणू शकणारं विधेयक पुढे पाठवलं. कंपनीची ताकद दाखवायला गेले आणि ताकदीची भीती हाच तर विरोधकांचा मुद्दा होता. त्यात आमचं फ्री बेसिक्स आहेच. मी या दोन गोष्टी एका स्लाइडवर मांडल्या आणि हा पर्याय पडला. तो नैतिक कारणाने पडला नाही, चालत नाही म्हणून पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तिसरा, ताईंचं पूर्ण बोलणं घालून मोठा कट करायचा, म्हणजे "महाग नको पण कायदा हवा, आणि माणूस हवा". हे मी सुचवलं. मला अजूनही वाटतं की तोच सगळ्यात दमदार व्हिडिओ झाला असता, कारण धोरण करणाऱ्यांना गुळगुळीत पाठिंबा ढीगभर मिळतो, खरं गुंतागुंतीचं म्हणणं क्वचित मिळतं. पण स्वतःच्या पैशाने स्वतःवरची तक्रार दाखवा असं कुठल्या कंपनीला सांगणार. दोन मिनिटांत बाजूला पडलं.

चौथा, चेहरे नकोतच, कंपनीने स्वतःच्या नावाने मुद्देसूद निवेदन द्यायचं आणि जाहिरातीत फक्त स्वतःचं म्हणणं मांडायचं. आणि पाचवा त्याला जोडून, छोट्या व्यावसायिकांना बोलवायचं, मसुद्यात काय आहे ते दोन्ही बाजूंनी सांगायचं, आणि त्यांना जे वाटतं ते त्यांच्या शब्दांत लिहून मंत्रालयाला पाठवायला मदत करायची, मग ते आमच्या विरोधात का असेना.

निर्णय कसा झाला

निर्णयाची खरी जागा मीटिंगमधे नव्हती. मी ताईंना फोन केला, तिथे होती. कंपनीला न विचारता केला, हे चूक की बरोबर यावर आजही दोन मतं होऊ शकतात. मी सरळ सांगितलं की ताई, असा असा मसुदा आहे, कंपनी त्याच्या विरोधात आहे, तुमचा व्हिडिओ त्यासाठी वापरणार आहेत, तुमचं हे वाक्य ठेवलंय आणि ते वाक्य काढलंय. ताई जरा वेळ गप्प. मग विचारलं, "मी न्हाई म्हटलं तर माझं अकाउंट परत बंद करत्याल का?"

हे वाक्य ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की सहीला काही अर्थच नव्हता. ज्या प्लॅटफॉर्मवर तिचा धंदा चालतो तोच प्लॅटफॉर्म तिच्याकडे परवानगी मागतोय, तर ती नाही कसं म्हणेल. आपल्याकडे सावकाराला साक्षीदार हवा असला की कूळ अंगठा देतंच. मी शपथेवर सांगितलं की असं काही होणार नाही, पण ते माझ्या हातात तरी कुठे होतं. शेवटी ताई म्हणाल्या, "मग माझं समदं दाखवा, न्हाईतर काहीच दाखवू नका."

हे मी मॅनेजरना लेखी कळवलं, फोनवर तोंडी बोलले नाही, मेल टाकला, आणि लीगलला कॉपीत ठेवलं. त्यात एवढंच लिहिलं की संबंधित व्यक्तीने वापराचा उद्देश समजल्यावर संमती काढून घेतली आहे, आणि पत्रकाराने तिला फोन केला तर ती हेच सांगेल. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याने काम केलं. नीतीच्या मुद्द्यावर चार दिवस अडलेली गोष्ट जोखमीच्या मुद्द्यावर चार तासांत सुटली. बाकी तीन राज्यांच्या व्हिडिओंचंही मग पुन्हा विचारणं झालं, त्यात एकाने आनंदाने हो म्हटलं, त्याला खरंच मसुदा पटत नव्हता, आणि दोघांनी "बघतो" म्हणून फोन उचलणं बंद केलं.

प्रत्यक्षात काय केलं

चौथा आणि पाचवा पर्याय मिळून झाला, अर्धामुर्धा. पेपरातल्या जाहिराती इंग्रजीत गेल्या, चेहरे नाहीत, कंपनीचं नाव ठळक. मला त्या फार काही आवडल्या नाहीत पण त्यात खोटं काही नव्हतं. दरम्यान मंत्रालयाने सूचनांची मुदत १५ मेपर्यंत वाढवली, त्यामुळे बैठकीला वेळ मिळाला.

सोलापूरची बैठक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. लोकसभेचं वातावरण, सोलापूरचं मतदान ७ मेला, हॉल मिळेना, जो तो उमेदवारांनी धरलेला. शेवटी एका मंगल कार्यालयाचं जेवणघर मिळालं. चौदा जण आले, ताई होत्या, चादरीवाले दोघे, एक क्लासवाले सर, एक मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा, बाकी खाण्यापिण्याचे धंदे. मी मसुद्याची दोन पानी मराठी माहिती केली होती, डाव्या बाजूला कंपनीचं म्हणणं आणि उजव्या बाजूला समितीचं. हे पान मंजूर करून घ्यायला मला नऊ ड्राफ्ट लागले. उजवी बाजू प्रत्येक वेळी आखडत जायची, मी पुन्हा भरायचे. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ही बैठक अमुक कंपनीने भरवली आहे आणि ती या मसुद्यातल्या काही कलमांच्या विरोधात आहे.

गंमत म्हणजे डेटाच्या कलमावर, ज्यासाठी सगळा खटाटोप, तिथे पाचच मिनिटं चर्चा झाली. चादरीवाल्या काकांनी विचारलं की माझं गिऱ्हाईक कोण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कसं माहीत, आणि ते मला का सांगत नाही. उरलेला दीड तास एकाच विषयावर गेला, अकाउंट बंद पडणं, खोट्या तक्रारी, उत्तर देणारा माणूस नसणं. मोबाइलवाल्या पोराने सांगितलं की त्याचं पेज हॅक झालं तेव्हा त्याने सत्तावीस वेळा तोच फॉर्म भरला. मी सगळं लिहून घेत होते, आणि मला कळत होतं की यातलं एकही वाक्य गुडगावच्या प्रेझेंटेशनमधे जाणार नाही.

चौदांपैकी नऊ जणांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आम्ही मजकुराला हात न लावता टाइप करून दिलं आणि त्यांनी त्यांच्या नावाने पाठवलं. मी वाचलं त्यात दोन जण मसुद्याच्या विरोधात, चार बाजूने, आणि तिघांनी कायद्याबद्दल काही न लिहिता फक्त आपली तक्रार लिहिली होती.

निकाल

कंपनीच्या मोजपट्टीवर हे कॅम्पेन पडलं. ठरलेला आकडा होता काही हजार व्यावसायिकांचा पाठिंबा, मिळाले किती ते वर आलंच. माझ्या वार्षिक आढाव्यात "उद्दिष्ट अंशतः पूर्ण" असं आलं आणि त्याचा पगारवाढीवर व्हायचा तो परिणाम झाला. विधेयक त्या वर्षी संसदेत मांडलं गेलं नाही, पण त्याचं श्रेय किंवा दोष आमच्या जाहिरातींना देणं म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडलं असं म्हणणं. विरोधात आणि बाजूने कितीतरी मोठमोठ्या संघटना, कंपन्या, स्टार्टअपवाले उतरले होते.

एक गोष्ट मात्र झाली. बैठकीच्या नोंदी मी पॉलिसी टीमकडे पाठवल्या तशाच सपोर्ट टीमच्या प्रमुखांकडेही पाठवल्या. त्यांनी ताईंच्या दिवाळीतल्या प्रकरणाचा छडा लावला. पाकिटावरच्या मजकुरात चटणीच्या संदर्भात "औषधी" असा शब्द होता, त्यावरून यंत्राने ते औषधाची जाहिरात समजून अडवलं होतं. ताईंनी तो शब्द काढला. अकरा दिवसांचं नुकसान काही भरून मिळालं नाही, आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी बसायला माणूस नेमला गेला असंही काही घडलं नाही.

आज करायचं झालं तर

शूटच्या आधी मत विचारेन. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच चेकलिस्टमधे नसते, कारण चेकलिस्ट सेल्सच्या यादीपासून सुरू होते आणि यादीत असतं कोण किती खर्च करतं, कायद्याबद्दल कुणाला काय वाटतं हे नसतं. पुढच्या नोकरीत मी एक पानी मराठी फॉर्म केला, त्यात पहिला प्रश्न असा की या नियमाबद्दल तुम्हाला काय वाटतं, आणि त्याखाली की हे न करायचं ठरवलं तर तुमच्या अकाउंटवर काही परिणाम होणार नाही, खाली कंपनीच्या अधिकाऱ्याची सही. ती सही आणायला व्यावसायिकाच्या सहीपेक्षा जास्त वेळ लागतो.

सातव्या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं. ताई बोलल्या तेव्हाच. त्याच क्षणी कॅमेरा बंद करून विचारलं असतं तर पुढचे दहा दिवस, एजन्सीचे पैसे, आणि त्यांच्या डोक्यात बसलेली अकाउंटची भीती, हे सगळं टळलं असतं. माझ्या हातात तेवढं नक्की होतं.

टीममधे ती भाषा कळणारं एकच माणूस असणं हा धोका आहे, हे आता मी प्रत्येक ठिकाणी सांगते. मराठी कट दुसऱ्या मराठी माणसाने, जो शूटवर नव्हता, पूर्ण ट्रान्सक्रिप्टसोबत बघितलाच पाहिजे, आणि तमिळला तमिळ, ओडियाला ओडिया. ट्रान्सक्रिप्ट कटच्या आधी मंजूर व्हावं, नंतर नाही. याला पैसे फार लागत नाहीत, दोन दिवस लागतात, आणि कॅम्पेनमधे नेमके तेच दोन दिवस कुणी देत नाही.

मोजपट्टीबद्दल मी तेव्हा भांडले नाही, भांडायला हवं होतं. किती जणांनी पाठिंबा दिला हा आकडा ठेवला की पाठिंबा तयार करणं आलंच. त्याऐवजी किती जणांनी आपल्या शब्दात काही लिहिलं, आणि त्यातलं किती पॉलिसी टीमने वाचलं, हे मोजता येतं. नवे लोक विचारतात की असं म्हटलं तर नोकरी राहील का. सुरुवातीलाच, बजेट ठरताना म्हटलं तर बहुतेक राहते. मी म्हटलं तेव्हा कट तयार झाला होता.

आणि कंपनीला न विचारता ताईंना फोन करायचा निर्णय? तो मी पुन्हा तसाच घेईन, फक्त फोन आधी करेन.

व्हिडिओचं एक राहिलंय. ताईंनी नंतर विचारलं होतं की भाकरी थापतानाचं ते शूटिंग मला द्या, मी माझ्या जाहिरातीला वापरते, तुम्हाला नको असलं तर पडून कशाला ठेवता. मी तीन वेळा मेल केला. हक्क कंपनीकडे आहेत, संगीत परवान्याचं आहे, धोरण नाही, अशी उत्तरं आली, आणि मग मी कंपनी सोडली. फुटेज कुठल्यातरी सर्व्हरवर आहे. ताईंच्या मुलीने मग मोबाइलवर स्वतःच काढलं, उभं, शेडमधला पंखा घरघरतोय तसाच, आणि शेवटी ताई कॅमेऱ्यात बघून म्हणतात, "ऑर्डर द्यायची असंल तर फोन करा, उचलते मी."